पिकी, चूझी की डिसर्निंग? चिनीभाषक विद्यार्थ्यांना निवडीची इंग्रजी विशेषणे कशी शिकवावीत

प्रश्न थोडक्यात असा: तैवानमधल्या प्रौढ विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षिकेला अडचण आली आहे. पिकी, चूझी, फसी, फिनिकी, फास्टिडियस, पर्टिक्युलर, सिलेक्टिव्ह, डिसर्निंग या सगळ्यांपुढे विद्यार्थी वहीत एकच चिनी शब्द लिहून ठेवतात आणि मग वाक्यात कोणतेही विशेषण कुठेही बसवतात. फरक कसा समजवावा, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि चुका नेमक्या कुठून येतात?

चुका कुठून येतात ते आधी पाहू, कारण उपाय त्यातच आहे. विद्यार्थी वहीत लिहितात तो शब्द बहुधा ‘थ्याओथी’ असणार. (चिनी उच्चार इथे देवनागरीत जवळपास उतरवले आहेत, सूर दाखवलेले नाहीत.) बहुतेक इंग्रजी-चिनी शब्दकोश वरच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक शब्दांना हाच अर्थ देतात. त्यातल्या ‘थ्याओ’चा अर्थ वेचणे, निवडणे. ‘थी’चा अर्थ हाडावरचे मांस खरवडून काढणे, दात कोरणे, नको ते कोरून बाजूला करणे. म्हणजे या शब्दाच्या पोटातच खोड काढणे आहे. एखादा साहेब कारकुनाच्या प्रत्येक कागदात चूक काढतो, त्यालाही थ्याओथी म्हणतात आणि ताटातली भाजी बाजूला सारणाऱ्यालाही. इंग्रजीत पहिल्याला ‘क्रिटिकल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पिकी’. पहिल्याच तासाला हे दोन वेगळे करून दिले नाहीत तर पुढचे सगळे भेद हवेत राहतात.

समानार्थी शब्दांची यादी देऊन प्रत्येकापुढे व्याख्या लिहिण्याचा मोह टाळा. व्याख्या सगळ्यांच्या सारख्याच निघतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्यात एकच प्रश्न विचारायला लावा: या माणसाने ‘नाही’ म्हटले ते का? उत्तर चार प्रकारचे येते.

त्याला आवडत नाही, रुचत नाही, म्हणून: पिकी, फसी, फिनिकी, आणि जरा भारदस्त भाषेत फास्टिडियस. त्याच्याकडे पर्याय भरपूर आहेत किंवा जागा थोडी आहे, म्हणून: चूझी, सिलेक्टिव्ह. त्याला चांगल्या-वाईटातला फरक दिसतो, म्हणून: डिसर्निंग, डिस्क्रिमिनेटिंग. परिणामाचा विचार केला, म्हणून: केअरफुल, प्रूडंट, ज्युडिशस. ‘पर्टिक्युलर’ पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या मधोमध बसतो. त्याच्याकडे पुढे येतो.

आता पहिला गट. ‘पिकी’ अमेरिकेत जास्त ऐकू येतो, ‘फसी’ ब्रिटनमध्ये. दोन्हीकडे दोन्ही समजतात. जेवताना नाक मुरडणारे मूल अमेरिकेत ‘पिकी ईटर’, ब्रिटनमध्ये ‘फसी ईटर’. चिनीत मुलांच्या या सवयीला ‘थ्याओशर’ असा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून ही जोडी विद्यार्थ्यांना पटकन कळते. सुरुवात इथूनच करा. ‘फसी’ला आणखी दोन अर्थ आहेत: किरकिर करणारे तान्हे बाळ, हा अमेरिकेत विशेष, आणि गरजेपेक्षा जास्त कलाकुसर असलेली सजावट. ‘फसी कर्टन्स’ म्हणजे निवड करणारे पडदे नव्हेत, हे एकदा सांगून टाकावे. ‘फिनिकी’ माणसांना लागतो, मांजरांना तर फारच, आणि यंत्रांनाही: जरा हवा बदलली की रुसणारे इंजिन फिनिकी असते. यंत्राला ‘पिकी’ सहसा म्हणत नाहीत.

‘फास्टिडियस’ हा या गटातला विद्वान भाऊ. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ किळस, तिटकारा. त्यामुळे स्वच्छता, टापटीप, कपडे, भाषाशैली यांच्याशी तो सहज जमतो आणि खाण्याशी जरा कमी. विद्यार्थी वैद्यकातले असतील तर त्यांना तो आधीच माहीत असेल: साध्या पोषकमाध्यमावर न वाढणाऱ्या, ठरावीक घटक मागणाऱ्या जिवाणूंना सूक्ष्मजीवशास्त्रात फास्टिडियस म्हणतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नेहमीचे उदाहरण. त्याला हेमिन आणि एनएडी हे दोन्ही वाढीचे घटक पुरवावे लागतात. जिवाणूच्या स्वभावावर टीका नाही, त्याच्या मागण्या कडक आहेत इतकेच.

दुसऱ्या गटातल्या ‘चूझी’बद्दल एक गैरसमज हटकून होतो. विद्यार्थ्यांना वाटते, काळजीपूर्वक निवडणारा तो चूझी. तसे नाही. चूझी माणूस नकार देतो, आणि बरेचदा देतो. दुकानात जाऊन अर्धा तास तपासून पहिलाच प्रेशर कुकर घेणारा माणूस ‘केअरफुल’ आहे, चूझी नाही. सात स्थळे नाकारणारा चूझी आहे, मग त्याने ती पाच मिनिटांत का नाकारली असेनात. आपल्याकडे मराठीतही ‘ती फार चूझी आहे’ हे लग्नाच्या बोलण्यात याच अर्थाने येते, तेव्हा मराठी शिक्षकाला हे समजायला जड जाऊ नये. ‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ ही इंग्रजी म्हणही इथेच द्यावी. गरजवंताला नकार परवडत नाही, हे तिच्यात स्पष्ट आहे. चिनीत ‘भुकेला माणूस अन्न निवडत बसत नाही’ अशा अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचार आहे, विद्यार्थी तो स्वतःहून सांगतील. आपला ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ त्याच घरातला.

‘सिलेक्टिव्ह’ला स्वतःचा रंग फार कमी. म्हणून तो संस्थांना शोभतो: ‘हायली सिलेक्टिव्ह युनिव्हर्सिटी’ म्हणजे अर्जदारांतल्या थोड्यांनाच घेणारे विद्यापीठ. यात तक्रार नाही, उलट प्रतिष्ठा आहे. तोच शब्द ‘मेमरी’ किंवा ‘हिअरिंग’पुढे लागला की टोमणा होतो: सोयीचे तेवढेच आठवणे, सोयीचे तेवढेच ऐकू येणे. चिनीतही हे टोमणे हुबेहूब आहेत, त्यामुळे इथे फारसा वेळ घालवू नका. शास्त्रात तो निव्वळ तांत्रिक असतो: ठरावीक तणच मारणारे तणनाशक सिलेक्टिव्ह, गुण पाहून केलेली जनावरांची पैदास म्हणजे सिलेक्टिव्ह ब्रीडिंग.

जोडीने येणारे क्रियाविशेषणही शिकवा. ‘हायली’ हे सिलेक्टिव्हशी छान बसते. ‘हायली पिकी’ कानाला खटकते, तिथे ‘व्हेरी’ किंवा ‘रिअली’ हवे. सगळ्या ‘हन्’चे, म्हणजे चिनीतल्या ‘खूप’चे, विद्यार्थी ‘व्हेरी’ करतात, ते चालते. उलट दिशेने, परीक्षेत भाव खाण्यासाठी सगळीकडे ‘हायली’ लावणारे मात्र फसतात.

तिसरा गट जाहिरातींनी वापरून गुळगुळीत केला आहे. ‘डिसर्न’चे लॅटिन मूळ चाळण्याचे, वेगळे करण्याचे आहे आणि ‘डिस्क्रिमिनेट’ही त्याच कुळातला. ‘डिसर्निंग रीडर’ म्हणजे मराठीतला चोखंदळ वाचक, जवळजवळ तंतोतंत. पण ‘डिसर्निंग’ बहुधा नामाच्या आधी येतो: डिसर्निंग आय, डिसर्निंग पॅलेट, डिसर्निंग कस्टमर. ‘माय वाइफ इज डिसर्निंग’ हे व्याकरणाने चुकीचे नाही, तरी दागिन्यांच्या जाहिरातीतून उचलल्यासारखे वाटते. घरगुती बोलण्यात ‘शी हॅज अ गुड आय फॉर...’ हे जास्त स्वाभाविक, आणि चिनीभाषकांना तर फारच सोयीचे, कारण त्यांच्याकडे ‘योउ येनक्वांग’, म्हणजे ‘नजर आहे’, हाच प्रयोग आहे. एक खड्डा तेवढा दाखवा: ‘येनक्वांग काओ’, शब्दशः ‘नजर उंच’, याचे विद्यार्थी ‘हाय आयसाइट’ करतात. इंग्रजीत त्याला ‘हाय स्टँडर्ड्स’ म्हणतात, आणि जोडीदाराबद्दल बोलणे असेल तर सरळ ‘चूझी’.

‘डिस्क्रिमिनेटिंग’ला मात्र जपून हात लावा. नामाआधी आला की स्तुती; क्रियापदानंतर आला आणि मागे ‘अगेन्स्ट’ लागला की भेदभावाचा आरोप. एकाच शब्दाचे हे टोक आणि ते टोक. नवशिक्याला हा शब्द फक्त वाचून कळावा, लिहायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची सगळी कामे ‘डिसर्निंग’ करतो.

चौथ्या गटात ‘केअरफुल’ हा सर्वांत कमी लेखलेला शब्द. चिनीत ‘शन्चोंग’, म्हणजे विचारपूर्वक आणि गांभीर्याने, हे कुठल्याही मोठ्या निर्णयाला लावतात. इंग्रजीत त्याचे काम बहुतेक वेळा विशेषण करतच नाही, क्रियाविशेषण करते: ‘शी चोज हर वर्ड्स केअरफुली’. माणसाला विशेषण चिकटवण्याऐवजी कृती कशी केली ते सांगायचे. थ्याओथीच्या जाळ्यात अडकलेली निम्मी वाक्ये या एका बदलाने सुटतात. ‘ज्युडिशस’ लेखी भाषेत, आणि तोही माणसापेक्षा कृतीला: मसाल्याचा ज्युडिशस वापर, ज्युडिशस छाटणी.

गट समजल्यावर रंग तपासायची एक युक्ती द्या. प्रत्येक विशेषणापुढे ‘आय ॲम नॉट’ लावून वाक्य बोलायला सांगा. ‘आय ॲम नॉट पिकी’, ‘आय ॲम नॉट फसी’ हे पाहुण्याचे सभ्य उत्तर झाले: काहीही चालेल. ‘आय ॲम नॉट डिसर्निंग’ म्हणजे मला यातले काही कळत नाही. ‘आय ॲम नॉट केअरफुल’ म्हणजे मी निष्काळजी. नकाराने ज्याची स्तुती होते तो शब्द मुळात टीकेचा, आणि नकाराने ज्याची शोभा जाते तो शब्द मुळात कौतुकाचा. तोच पडताळा उलट बाजूने ‘टू’ लावून होतो: ‘टू पिकी’, ‘टू चूझी’ रोज ऐकू येतात, ‘टू डिसर्निंग’ म्हणायची वेळ क्वचित येते. ‘टू सिलेक्टिव्ह’ मधेच बसते, आणि ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. याच वेळी नातेही सांगा. स्वतःला पिकी म्हणणे म्हणजे थोडी स्वतःची थट्टा, मित्राला म्हणणे म्हणजे चेष्टा किंवा वैताग, ग्राहकाला लेखी म्हणणे म्हणजे ग्राहक गमावणे.

आता ‘पर्टिक्युलर’. मराठी माणूस हा शब्द दिवसातून दहादा वापरतो: ‘साहेब वेळेच्या बाबतीत फार पर्टिक्युलर आहेत.’ काटेकोर, असा त्याचा सूर. इंग्रजीतही क्रियापदानंतर आणि ‘अबाउट’सह तो असाच चालतो. पण नामाच्या आधी गेला की अर्थच पालटतो: ‘अ पर्टिक्युलर कस्टमर’ म्हणजे ‘एक विशिष्ट ग्राहक’, चोखंदळ ग्राहक नव्हे. चिनीत विशेषणाला ‘त’ हा प्रत्यय लावून ते नामाआधी टाकले की काम झाले. जागा बदलली म्हणून असा अर्थ उलटत नाही. म्हणून ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांच्याही हातून होते. नियम एका ओळीत लिहून द्या: पर्टिक्युलर क्रियापदानंतर आला तर काटेकोर, नामाच्या आधी आला तर विशिष्ट. हाच शब्द चिनीतल्या ‘च्यांगच्यू’चा सर्वांत जवळचा जोडीदार आहे. च्यांगच्यू म्हणजे चहा, कपडे, शिष्टाचार यांत काय योग्य ते जाणून त्याचा आग्रह धरणे. त्यात कौतुक असते. शब्दकोश त्याला कधी ‘एक्स्क्विझिट’ देतात. तो शब्द वस्तूचा आहे. ‘माय बॉस इज एक्स्क्विझिट’ असे लिहिले तर भलताच अर्थ निघेल. तैवानमध्ये याच सवयीला चेष्टेने ‘क्वेइमाओ’ म्हणतात, शब्दशः कासवाचे केस. तिथे कौतुक संपते आणि ‘फसी’ सुरू होतो.

निवडणारा आणि निवडलेले यांची गल्लत हा स्वतंत्र विषय आहे. ‘आय ॲम व्हेरी सिलेक्टेड’ हे वाक्य तुमच्याकडे नक्की येणार. निवडणारा सिलेक्टिव्ह, निवडलेली वस्तू सिलेक्टेड. वेष्टनावर ‘चिंगश्वेन’, म्हणजे निवडक, असे छापलेले असते. त्याला वस्तूचे विशेषण हवे: केअरफुली सिलेक्टेड, हँडपिक्ड, वेल-चोझन. ‘सिलेक्ट’ आणि ‘चॉइस’ हीही विशेषणे होतात, फक्त सावध राहा: अमेरिकी कृषी खात्याच्या गोमांसाच्या प्रतवारीत सर्वांत वर प्राइम, मग चॉइस, आणि सिलेक्ट त्याच्याही खाली. मांस निर्यातदाराने शब्दकोश पाहून अभिमानाने ‘सिलेक्ट’ छापले तर तिथला खरेदीदार वेगळेच समजेल. मराठी शिक्षकाचा पाय इथे आणखी एका कारणाने घसरतो: आपला ‘निवडक’ निवडलेल्या गोष्टीला लागतो, माणसाच्या स्वभावाला नाही. विद्यार्थ्याला समजावताना मनातल्या मनात ‘सिलेक्टिव्ह म्हणजे निवडक’ असे जुळवू नका.

शब्दयोगी अव्ययाची चूक सर्वांत सोपी आणि सर्वांत चिवट. चिनीत ‘त्वेइ’ हा शब्द आधी येतो, मग गोष्ट, मग विशेषण: ‘(त्वेइ) जेवण खूप पिकी’. म्हणून वाक्य बनते ‘ही इज पिकी टू फूड’ किंवा ‘फॉर फूड’. पिकी, फसी, चूझी, पर्टिक्युलर, फास्टिडियस, केअरफुल या सगळ्यांना ‘अबाउट’ चालते. सिलेक्टिव्हला ‘अबाउट’ आणि ‘इन’ दोन्ही. डिसर्निंगला मागे काही जोडण्याची गरजच सहसा पडत नाही. विशेषण आणि ‘अबाउट’ हा एकच शब्द आहे असे समजून पाठ करून घ्या. वेगळे शिकवले की ‘टू’ परत येतोच.

सरावासाठी मुद्दाम रचलेला एक परिच्छेद देतो. चहाच्या दुकानाची ओळख, चुका वर सांगितल्या त्याच:

‘आय ॲम अ पिकी पर्सन. माय फादर हॅज हाय आयसाइट, ही इज पिकी टू एव्हरी लीफ. वी सेल चूझी टी टू पर्टिक्युलर कस्टमर्स.’

पहिल्या वाक्यात लेखिकेला स्वतःला कटकटी म्हणवून घ्यायचे नव्हते, च्यांगच्यू म्हणायचे होते: ‘आय ॲम पर्टिक्युलर अबाउट टी.’ कशाबद्दल ते नाव घातले की सूरही सौम्य होतो. दुसऱ्यात नजर आहे आणि कृती आहे. दोन्ही वेगळी करा: ‘माय फादर हॅज अ गुड आय फॉर टी अँड चेक्स एव्हरी बॅच.’ प्रत्येक पान तपासतो हे चिनीत अतिशयोक्ती म्हणून गोड वाटते. इंग्रजी वाचक ते खरे धरून हिशेब मांडायला लागतो, म्हणून पानाऐवजी घाणा, म्हणजे ‘बॅच’. तिसऱ्यात चहा काही चूझी नाही, चहा निवडलेला आहे. आणि ग्राहक विशिष्ट नाहीत, जाणकार आहेत: ‘वी सेल केअरफुली सिलेक्टेड टीज टू डिसर्निंग कस्टमर्स.’ दुकानाच्या पाटीवर ‘डिसर्निंग’ शोभतो, जाहिरातच आहे ती.

इथे विद्यार्थी ‘हँडपिक्ड टी’ सुचवतील. एरवी उत्तम शब्द, पण चहाच्या धंद्यात त्याचा शब्दशः अर्थही जिवंत आहे: यंत्राने नव्हे, हाताने खुडलेली पाने. तैवानच्या डोंगराळ भागातला उंचावरचा उलुंग बराचसा हातानेच खुडतात, त्यामुळे वाचक ‘खुडलेला’ हाच अर्थ घेईल. दोन्ही खरे असेल तर दोन वेगळी वाक्ये लिहावीत.

क्रमाबद्दल विचारले आहे. एका तासाला चारच शब्द घ्या: पिकी, पर्टिक्युलर, सिलेक्टिव्ह, केअरफुल. रोजच्या बोलण्यातली बहुतेक गरज यांत भागते. दुसऱ्या तासाला चूझी, फसी, डिसर्निंग. बाकीचे वाचनात भेटतील तेव्हा. प्रत्येक शब्दाला विद्यार्थ्याने तीन वाक्ये लिहावीत: एक स्वतःबद्दल, एक ओळखीच्या माणसाबद्दल, एक संस्थेबद्दल किंवा दुकानाबद्दल. जे वाक्य जमत नाही तिथेच त्या शब्दाची हद्द आहे. संस्थेला ‘फसी’ लावताना अडखळणे हे योग्य उत्तर आहे, चूक नाही. वहीतला थ्याओथी खोडायला लावू नका. त्याच्यापुढे ‘का नाही म्हटले?’ असा रकाना वाढवा.

थोडे पुढे गेलेल्यांना कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचे शोधता येणारे संगणकीय संग्रह, वापरायला शिकवा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द आहेत, अमेरिकी इंग्रजीच्या ‘कोका’ संग्रहात 100 कोटींहून अधिक. ‘पिकी’ शोधून त्याच्या उजवीकडे येणारी नामे पाहिली की ‘ईटर’ लगेच वर दिसतो. ‘डिसर्निंग’च्या उजवीकडची यादी अगदीच निराळी असते. दोन याद्या शेजारी ठेवून विद्यार्थ्यालाच फरक सांगायला लावावा.

उच्चारात दोनच जागा. ‘चूझी’तला मधला ध्वनी घोष आहे आणि मँडरिनमध्ये तो ध्वनी नाही. त्याच्या जागी ते आपल्या भाषेतला जवळचा ‘त्स’ किंवा ‘स’ घालतात, म्हणून ‘चूत्सी’ किंवा ‘चूसी’ ऐकू येते. माशीच्या गुणगुणण्यासारखा लांब ‘झ्झ्झ’ काढायला लावून मग त्याला ‘ई’ जोडावी. दुसरी जागा ‘पिकी’तला पहिला स्वर: तो लांबला की ‘पीकी’ होते, आणि ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ आजारी, निस्तेज दिसणारा. ‘माय सन इज पीकी’ ऐकून समोरचा मुलाच्या प्रकृतीची चौकशी करील.